सेवाग्रामची तीन माकडे आणि निक्कोचा तबेला

सेवाग्राम आश्रमातली सर्वधर्म प्रार्थना सुरू होते ती जपानी मंत्राने. उपनिषदातला श्लोक, स्थितप्रज्ञाची लक्षणे, अल-फातिहा, पारशी गाथा हे सगळे नंतर येते. आधी येतो तो निचिरेन या तेराव्या शतकातल्या जपानी भिक्षूने दिलेला जप, ‘नम्यो हो रेंगे क्यो’. सद्धर्मपुंडरीक सूत्राला नमस्कार, एवढाच त्याचा आशय.

हे सूत्र मूळचे आपल्याकडचे, संस्कृतातले. इ. स. ४०६ मध्ये कुमारजीव या पंडिताने त्याचे चिनी भाषांतर केले. ते भाषांतर पुढे जपानला पोचले आणि निचिरेनने (१२२२–१२८२) साऱ्या बौद्ध ग्रंथांत त्यालाच श्रेष्ठ मानून १२५३ पासून त्याच्या नावाचा जप लोकांना सांगायला सुरुवात केली. निचिरेनची आणखी एक श्रद्धा होती. बुद्धाचा धर्म भारतातून पूर्वेला आला, तसाच तो एक दिवस पूर्वेकडून भारतात परत जाईल, असे तो म्हणे. साडेसहाशेहून अधिक वर्षांनी एका जपानी भिक्षूने हे काम आपलेच आहे असे मानले आणि तो कोलकात्याच्या बंदरात उतरला. पुढे तो वर्ध्याला आला.

वर्धा बघायला येणारे बहुतेक जण नागपूरहून सकाळी गाडी काढतात. पाऊणशे किलोमीटरचा रस्ता. बापू कुटी, गीताई मंदिर, स्तूप, पवनार असे एकेक ठिकाण उरकत दिवेलागणीला परत निघतात. स्तूपाजवळ फोटो होतात, मुलांना हिरवळीवर धावायला मिळते आणि हा स्तूप जपान्यांनी बांधला एवढे कुणीतरी सांगते. जपान्यांनी वर्ध्यातच का बांधला, हे विचारायचे राहून जाते. त्याचे उत्तर मिळाले की ही चार ठिकाणे सुटी राहत नाहीत. आणि त्या उत्तराचा माग काढत गेलो तर आपण जपानमधल्या निक्को या डोंगरातल्या देवस्थानाच्या गावी जाऊन पोचतो.

निचिदात्सु फुजी यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८५ चा, क्युशू बेटावरच्या कुमामोतो प्रांतातला. त्यांनी निप्पोन्झान म्योहोजी हा भिक्षुसंघ काढला. या संघाची साधना अगदी साधी आहे: हातात ढोलके घेऊन चालायचे आणि जप करायचा. हे ढोलके पंख्यासारखे असते. गोल कड्यावर एकाच बाजूने चामडे ताणून बसवलेले, खाली लाकडी दांडी. डाव्या हातात दांडी धरायची, उजव्या हातातल्या काठीने ठोका द्यायचा. त्याचा आवाज टणक आणि स्वच्छ असतो, मोकळ्या रानात लांबवर जातो.

१९३१ साली फुजी भारतात आले. ४ ऑक्टोबर १९३३ रोजी वर्ध्याला त्यांची गांधीजींशी भेट झाली. गांधीजी त्या वेळी वर्ध्याच्या सत्याग्रह आश्रमात होते. दांडीयात्रेला निघताना स्वराज्याशिवाय साबरमतीला परतणार नाही असे ते म्हणाले होते आणि जमनालाल बजाज यांनी त्यांना वर्ध्याला ओढून आणले होते. पुढच्याच महिन्यात, ७ नोव्हेंबरला, ते इथूनच हरिजन यात्रेला निघाले. त्या गडबडीच्या दिवसांत पिवळ्या वस्त्रातला, इंग्रजी-हिंदी फारसे न येणारा हा भिक्षू आश्रमात राहिला. सूत कातायला बसला, पहाटे आणि संध्याकाळी ढोलके वाजवून जप करू लागला. गांधीजी त्यांना ‘गुरुजी’ म्हणू लागले आणि वर्ध्यात आजही त्यांचे नाव ‘फुजी गुरुजी’ हेच आहे. भाषेची एवढी अडचण असलेल्या दोन माणसांचे इतके जुळावे, याचे कारण मला त्या साधनेत दिसते. चालणे, जप, अंगमेहनत आणि वेळेची शिस्त या गोष्टी गांधीजींना समजावून सांगाव्या लागत नव्हत्या.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्यापासून आठ किलोमीटरवरच्या शेगावला राहायला गेले. विदर्भात गजानन महाराजांचे शेगाव आधीच प्रसिद्ध, टपाल तिकडे जाई. म्हणून १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. फुजी गुरुजींच्या संघातला एक भिक्षू सेवाग्रामच्या आश्रमात राहिला. मिळेल ते काम करायचा, जप कधी चुकवायचा नाही, सदा हसतमुख. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरले आणि इंग्रज सरकारच्या लेखी हा भिक्षू शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. त्याला आश्रमातून नेण्यात आले. मागे राहिले त्याचे ढोलके.

पुढे जे झाले ते मला वर्ध्याच्या इतिहासातले फार मोलाचे पान वाटते. १९४२ चा उन्हाळा. सिंगापूर पडले होते, रंगून पडले होते, विशाखापट्टणमवर बॉम्ब पडले होते. जपानी फौजा ब्रह्मदेश ओलांडून भारतात शिरणार ही भीती घरोघर होती. १४ जुलैला काँग्रेसच्या कार्यकारिणीने वर्ध्यातच इंग्रजांना निघून जायला सांगणारा ठराव केला. त्यानंतर चार दिवसांनी, १८ जुलैला, गांधीजींनी सेवाग्रामहून जपानी जनतेला उद्देशून एक पत्र लिहिले. ते २६ जुलैच्या ‘हरिजन’मध्ये छापून आले. पत्रात आडपडदा नाही. चीनवर केलेल्या आक्रमणाबद्दल जपानला सरळ दोष दिलेला आहे. इंग्रजांना आम्ही जायला सांगतो आहोत याचा अर्थ तुमचे स्वागत होईल असा घेऊ नका, असे बजावले आहे. मोकळा असतो आणि येऊ दिले असते तर या अशक्त शरीरानिशी जीव धोक्यात घालूनही तुमच्या देशात विनवणी करायला आलो असतो, असेही लिहिले आहे.

आणि त्याच पत्रात सेवाग्रामच्या त्या भिक्षूची आठवण आहे. त्याची कर्तव्यनिष्ठा, त्याची रोजची उपासना, त्याचे शांत हसू यांबद्दल गांधीजींनी प्रेमाने लिहिले आहे. त्याला आमच्यापासून नेले तेव्हापासून आम्हाला त्याची उणीव भासते, त्याचे ढोलके आमच्याकडे आहे आणि आमची सकाळ-संध्याकाळची प्रार्थना त्याच ढोलक्याच्या साथीने सुरू होते, असे त्यांनी कळवले आहे. ज्या देशाच्या सैन्याशी लढायची तयारी ठेवा असे देशाला सांगायचे, त्याच देशाचा मंत्र आपल्या प्रार्थनेत पहिला ठेवायचा. हे धोरण म्हणून केलेले नव्हते. एक सोबती गेला, त्याची जागा रिकामी ठेवायची नाही, एवढा साधा घरगुती विचार त्यामागे होता. तीन आठवड्यांनी, ९ ऑगस्टला, मुंबईत गांधीजींना अटक झाली.

बापू कुटीत आता जाऊ. कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंती, वर कवेलू, आत सारवलेली जमीन. वऱ्हाड-नागपूरकडच्या कोणत्याही जुन्या घराचे हेच साहित्य. आत एक बैठक, पाठीला टेकू, बसून लिहायचे बुटके मेज. साप पकडून लांब नेऊन सोडण्यासाठीचा चिमटा आणि पिंजरा इथे आहे, आणि व्हाइसरॉयशी बोलता यावे म्हणून सरकारने बसवलेला दूरध्वनीही आहे. गांधीजींच्या मोजक्या वस्तूंत तीन माकडांची एक छोटी मूर्तीही होती. एकाचे हात डोळ्यांवर, दुसऱ्याचे कानांवर, तिसऱ्याचे तोंडावर. ती त्यांना कोणी दिली याची दोन सांगणी आहेत. एक म्हणते चीनहून आलेल्या पाहुण्यांनी दिली, दुसरे म्हणते फुजी गुरुजींनी. देणारा कोणीही असो, त्या माकडांचे जगप्रसिद्ध घर एकच आहे, ते म्हणजे निक्को.

टोकियोच्या उत्तरेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर निक्को आहे. आसाकुसा स्थानकावरून तोबू कंपनीची गाडी पकडली की साधारण दोन तासांत माणूस पोचतो. देवळे, प्रचंड देवदार, धबधबा, तळे आणि ज्वालामुखीचा डोंगर हे सगळे एकाच गावाच्या हद्दीत. शोदो नावाच्या भिक्षूने इ. स. ७६६ मध्ये इथे पहिले मठस्थान उभारले अशी परंपरा आहे. तोकुगावा घराण्याचा संस्थापक इएयासू १६१६ मध्ये वारला आणि दुसऱ्या वर्षी त्याचे अवशेष इथे आणून त्याचे देवस्थान केले, तेव्हापासून निक्कोचे भाग्य पालटले. आज दिसते ते तोशोगू देवस्थान त्याचा नातू इएमित्सू याने १६३६ पर्यंत नव्याने बांधून घेतलेले. १९९९ मध्ये युनेस्कोने इथल्या १०३ वास्तू जागतिक वारसा म्हणून नोंदवल्या.

जपानी देवळे म्हटली की साधे लाकूड, रिकामी जागा, मूठभर दगड असे चित्र आपल्या मनात असते. तोशोगू त्याच्या अगदी उलट आहे. सोने, लाख, तांबडा-हिरवा रंग आणि इंचाइंचावर कोरीव काम. योमेइमोन या एका दरवाज्यावरच ५०८ कोरीव आकृत्या आहेत. त्याच्या बारा खांबांपैकी एकावरची नक्षी मुद्दाम उलटी कोरली आहे. काम पूर्ण झाले की त्याची पडझड सुरू होते, म्हणून थोडे अपुरे ठेवायचे, ही त्यामागची समजूत.

या सगळ्या झगमगाटात एकच इमारत बिनरंगी, उघड्या लाकडाची आहे. ती म्हणजे देवाच्या घोड्याचा तबेला. माकड घोड्याला रोगराईपासून राखते अशी जुनी समजूत, म्हणून तबेल्याच्या कपाळपट्टीवर माकडे कोरली. आठ चौकटी, त्यांत सोळा माकडे. लोक दाटीवाटीने उभे राहून दुसऱ्या चौकटीचा फोटो घेतात आणि पुढे सरकतात, कारण तीन माकडे तिथेच आहेत. पण चौकटी डावीकडून क्रमाने पाहायला हव्यात. पहिल्या चौकटीत आई डोळ्यांवर हाताची झापड धरून पिल्लाच्या भविष्याकडे बघते आहे. दुसरीत ती तिघे, लहानपणची. तिसरीत एक तरुण माकड एकटे बसले आहे, आता घर सोडायचे आहे. चौथीत ते आभाळाकडे बघते. पाचवीत एक माकड खचून कड्याखाली बघते आहे आणि दुसरे त्याच्या पाठीवर हात ठेवून आहे. सहावीत प्रेमाची हुरहूर, सातवीत जोडपे आणि समोर उसळणारी लाट, आठवीत गाभण मादी. तिथून गोष्ट पुन्हा पहिल्या चौकटीकडे जाते.

म्हणजे निक्कोच्या कारागिरासाठी ती तीन माकडे हा माणसाच्या आयुष्याचा एक टप्पा आहे, बालपणाचा. मूल लहान आहे तोवर वाईट त्याच्या डोळ्यांपुढे, कानांपुढे येऊ देऊ नका, त्याच्या तोंडी पडू देऊ नका, असे आईबापांना सांगणे आहे. न पाहणे, न ऐकणे, न बोलणे हा उपदेश त्याहून जुना, कन्फ्यूशियसच्या परंपरेतून चीनमधून आलेला. जपानीत नकाराचा प्रत्यय आणि माकडाचे नाव सारखे ऐकू येतात, म्हणून तिथे त्याची माकडे झाली. गांधीजींनी ती बालपणाच्या चौकटीतून काढून थोरामोठ्यांच्या मेजावर आणली, संयमाची रोजची आठवण म्हणून. आपल्या शाळांच्या भिंतींवर आणि भाषणांतून मात्र त्यांचा अर्थ बराच पातळ झाला. वाईट दिसले तर डोळे मिटून घ्या असा त्याचा सूर लागतो. ज्या माणसाने परचुरे शास्त्रींसारख्या कुष्ठरोग्याला आश्रमात जागा दिली, त्यांच्या जखमांना स्वतः हात लावला, त्याच्या माकडांचा हा अर्थ असूच शकत नाही. परचुरे कुटी बापू कुटीपासून हाकेच्या अंतरावर आहे. मुलांना माकडे दाखवलीत तर तीही लगेच दाखवा.

निक्कोत आणखी काही जागा भारतीय डोळ्यांना खिळवून ठेवणाऱ्या आहेत. तबेल्याच्या समोरच्या कोठारावर दोन हत्ती कोरलेले आहेत. त्यांचा आराखडा काढणारा कानो तान्यू हा त्या काळचा मोठा चित्रकार, पण त्याने हत्ती कधी पाहिला नव्हता. ऐकीव वर्णनावरून काढलेले ते हत्ती आहेत. कान वेगळे, शेपट्या अनेक पदरी, अंगावर लोकरीसारखी लव. आपल्याकडचा कुणीही दोन क्षण थबकतो. हसू येते, आणि लगेच कौतुकही वाटते, कारण न पाहिलेल्या प्राण्याबद्दल इतकी आस्था बाळगणे सोपे नाही. रिन्नोजी मठाच्या मोठ्या मंडपात सोन्याच्या मुलाम्याच्या तीन प्रचंड मूर्ती आहेत: सहस्रभुज अवलोकितेश्वर, अमिताभ आणि हयग्रीव अवलोकितेश्वर. तिन्ही नावे आपली. ती चीन-कोरिया करत इथवर आली, वाटेत त्यांचे चेहरे बदलले, नाते तेच राहिले.

देवळांएवढेच इथले रानही बघायचे असते. देवस्थानाकडे येणाऱ्या जुन्या रस्त्यांच्या दुतर्फा सुगीची, म्हणजे जपानी देवदाराची, झाडे आहेत. मात्सुदाइरा मासात्सुना या सरदाराने वीस वर्षे खपून ती लावली आणि देवस्थानाला अर्पण केली. या रांगांची एकूण लांबी पस्तीस किलोमीटरवर आहे. गावाच्या वरच्या अंगाला अठ्ठेचाळीस वळणांचा इरोहाझाका घाट चढला की चुझेन्जी तळे लागते. नान्ताई या २,४८६ मीटर उंचीच्या ज्वालामुखीच्या लाव्ह्याने नदी अडवली आणि हे तळे झाले. तळ्याचे पाणी जिथून निसटते तिथे ९७ मीटरचा केगोन धबधबा आहे. ऑक्टोबरात वरच्या डोंगरात पानांना तांबडा रंग चढायला लागतो आणि तो रंग हळूहळू खाली उतरत नोव्हेंबरच्या सुरुवातीला देवळांपर्यंत येतो. एका दिवसात हे सगळे बघता येते असे प्रवासी कंपन्या सांगतात. बघून होते, पण तबेल्याच्या आठ चौकटी तेवढ्यात बघून होत नाहीत. एक रात्र तरी मुक्काम हवा.

निक्कोच्या जेवणात युबा असते. सोयाबीनचे दूध मंद आचेवर ठेवले की वर साय धरते, ती अलगद काठीवर उचलायची, ती युबा. मठातल्या शाकाहारी भिक्षूंचे हे जुने अन्न. वर्ध्याच्या माणसाला यात रस असायला हवा, कारण पावसाळ्यात सेवाग्रामच्या आजूबाजूची वावरे पऱ्हाटी आणि सोयाबीनने भरलेली असतात. त्यातले बहुतेक सोयाबीन तेलाच्या कारखान्यात आणि पेंडीत जाते. गांधीजींनी १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत रोजच्या जेवणात सोयाबीनचे प्रयोग केले होते आणि त्यावर ‘हरिजन’मध्ये लिहिलेही होते. ते पीक तेव्हा इथे नवखे होते. आज पीक आहे, ताटात मात्र ते अजूनही नीट पोचलेले नाही.

आता परत वर्ध्याला, गोपुरीत. जमनालालजींनी आयुष्याच्या अखेरीस गोसेवेला वाहून घेतले ते याच गोपुरीत. इथले गीताई मंदिर हे छप्पर नसलेले, मूर्ती नसलेले मंदिर आहे. ग्रॅनाइटच्या उभ्या शिळांवर विनोबांच्या ‘गीताई’चे अठराही अध्याय कोरले आहेत आणि माणसाने त्या शिळांच्या कडेने वाचत चालत जायचे. मंदिरात देवाची जागा अक्षरांनी घेतलेली आहे, आणि तीही गावातल्या बाईला समजेल अशा मराठी अक्षरांनी. विनोबांनी आईच्या इच्छेवरून गीताई लिहायला घेतली होती, हे लक्षात ठेवून वाचावे.

त्याच्या शेजारीच विश्वशांती स्तूप आहे. पांढरा शुभ्र घुमट, चारी दिशांना बुद्धाच्या मूर्ती, जवळ एक लहानसे जपानी बुद्धमंदिर, भोवती मोठी बाग. हा स्तूप वर्ध्यात का, याचे उत्तर आता वाचकाच्या हाती आहे. फक्त मधला एक दुवा राहिला. ६ ऑगस्ट १९४५ या दिवशी फुजी गुरुजींना साठ वर्षे पूर्ण झाली, आणि त्याच दिवशी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. त्यानंतर त्यांनी उरलेले आयुष्य शांतिस्तूप बांधण्याला दिले. पहिला स्तूप १९५४ मध्ये कुमामोतोजवळच्या हानाओका टेकडीवर उभा राहिला. भारतातला पहिला राजगीरला, १९६९ मध्ये, राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते खुला झाला. मग १९७२ मध्ये ओडिशात धौलीला, जिथे कलिंगयुद्धानंतरच्या अशोकाचे शिलालेख आहेत. १९७८ सालचा आंतरराष्ट्रीय सामंजस्यासाठीचा जवाहरलाल नेहरू पुरस्कार गुरुजींना मिळाला. ९ जानेवारी १९८५ रोजी, नव्व्याण्णव वर्षांचे असताना, ते गेले. वर्ध्याचा स्तूप ही त्यांची इच्छा होती आणि ती त्यांच्या संघाने त्यांच्या मागे, १९९०च्या दशकात, पुरी केली. लडाखच्या लेहपासून लंडनच्या बॅटरसी बागेपर्यंत असे स्तूप आज जगात ऐंशीच्या आसपास आहेत. त्या सगळ्यांची मुळे शोधायची तर १९३३ च्या वर्ध्यातल्या भेटीकडेच यावे लागते, असे माझे मत आहे.

विदर्भात या स्तूपाला आणखी एक अर्थ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर इथल्या लाखो घरांत बुद्ध हा पर्यटनाचा विषय उरलेला नाही, तो घरचा आहे. बाबासाहेबांनी नागपुरात दिलेली दीक्षा आणि जपानहून वर्ध्यात आलेला जप हे दोन वेगळे प्रवाह. पण ते एकमेकांना भेटले आहेत. राजगीरला फुजी गुरुजींच्या संघाबरोबर असलेले भिक्षू सुरई ससाई नंतर नागपुरात आले आणि इथल्या बौद्ध समाजाचे नेते झाले. नागपूरजवळ कामठीला जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने १९९९ मध्ये ड्रॅगन पॅलेस हे देखणे मंदिर उभे राहिले, तेही निचिरेनच्याच परंपरेतले. वर्ध्याच्या स्तूपाच्या हिरवळीवर आर्वी, हिंगणघाट, देवळीकडून आलेली कुटुंबे डबे सोडून बसलेली दिसतात, ती कुठल्या परदेशी वास्तूत आलेली नसतात.

पवनार वर्ध्याहून नागपूरच्या वाटेवर, धाम नदीकाठी आहे. विनोबांचा परंधाम आश्रम आणि १९५९ मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी सुरू केलेले ब्रह्मविद्या मंदिर इथे आहे. १५ नोव्हेंबर १९८२ ला विनोबा गेले तेही इथेच. आश्रमाची जमीन खणताना राम-भरत भेटीचे एक प्राचीन शिल्प निघाले, ते आश्रमात ठेवले आहे. अशी शिल्पे इथे निघावीत यात नवल नाही. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच पवनार, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. प्रवरपूर मनसरला होते असे मानणारे अभ्यासकही आहेत. वाकाटकांची दुसरी शाखा वाशीमची, आणि त्या शाखेच्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची उत्तम लेणी रंगली.

इथेही जपान येतेच. नारा शहराजवळच्या होर्युजी मठात इ. स. ७०० च्या सुमाराची भित्तिचित्रे होती आणि त्यांतल्या बोधिसत्त्वांची तुलना अभ्यासक अजिंठ्याच्या पद्मपाणीशी करत आले आहेत. आराई काम्पो हा जपानी चित्रकार १९१६ ते १९१८ या काळात भारतात राहिला, त्याने अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. म्हातारपणी त्याच्याकडे होर्युजीच्या चित्रांच्या नकला करायचे काम आले आणि ते करत असतानाच १९४५ मध्ये तो वारला. २६ जानेवारी १९४९ ला होर्युजीच्या त्या मंदिराला आग लागून मूळ चित्रे होरपळली. जपानने त्याच्या पुढच्या वर्षी सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा केला, आणि २६ जानेवारी हा दिवस तिथे देवळे-मठांमधल्या आगप्रतिबंधाच्या कवायतींचा दिवस म्हणून पाळतात. आपल्या लेण्यांसाठी आणि पवनारसारख्या अर्ध्या खणलेल्या टेकड्यांसाठी एवढी निकड आपल्याला वाटते का, याचा विचार आपण केला पाहिजे.

जायचे कधी? दिवाळीनंतर, होळीच्या आत. वैदर्भीय उन्हाळ्यात दुपारी स्तूपाच्या फरशीवर पाय टेकवत नाही. माघ-फाल्गुनात सेलूकडून बोर धरणाच्या रस्त्याला लागलात तर दोन्ही बाजूंना पळस पेटलेला दिसेल. निक्कोची शरदातली पाने बघायला लोक विमानाने जातात, हा रंग मात्र नागपूरच्या माणसालाही बघायला वेळ होत नाही. बोरचे जंगल १३८ चौरस किलोमीटरचे, २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेले, देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. पावसाळ्यात ते बंद असते. वर्धा शहरात जुलै १९२८ मध्ये दलितांसाठी खुले झालेले लक्ष्मीनारायण मंदिर आहे आणि डिसेंबर १९३८ मध्ये गांधीजींनी उद्घाटन केलेले मगन संग्रहालय आहे. ही दोन्ही सहसा यादीत नसतात, ती घाला. परतताना गोरस भांडारातून गाईच्या तुपातला गोरस पाक घ्यायला विसरू नका.

हे सगळे एका दिवसात कोंबू नये. पहिल्या दिवशी सकाळी गोपुरी आणि शहर, दुपारनंतर सेवाग्राम, संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर तिथेच मुक्काम. दुसऱ्या दिवशी पवनार आणि बोर. जपानला जायचा बेत असेल आणि त्यात निक्को असेल, तर वर्धा आधी करा, निक्को नंतर. तोशोगूच्या तबेल्यापुढे उभे राहिलात की पहिल्या चौकटीपासून आठवीपर्यंत सगळी माकडे बघा, आणि बरोबरच्या मुलांना सांगा की यातली तीन आपल्या सेवाग्रामला येऊन राहिली होती.